चक्की एक नग, पाट दोन

रुद्रम्मा गिरणीचं इंजिन विकून आळंदला पळाली, ही बातमी एकोणीसशे त्रेपन्नच्या श्रावणात एका सोमवारी सकाळी मुरुमच्या बाजारात पसरली. बुधवारी दुपारी रुद्रम्मा स्वतः सोलापूरच्या मोटारीतून उतरली, तरी बातमी मागं घ्यायला कुणी तयार होईना. खरं एवढंच होतं, की इंजिनाचा पिस्टन घासला होता आणि तो पत्र्याच्या ट्रंकेत घालून ती दुरुस्तीला घेऊन गेली होती. परतीच्या वाटेवर ट्रंकेची कडी तुटली. मग तिनं पिस्टन जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला. शेजारी बसलेल्या बाईनं कौतुकानं विचारलं, "कितव्या महिन्याचं हाय?" रुद्रम्मा म्हणाली, "चार वर्सांचं झालं, पर अजून उचलूनच न्यावं लागतंय."

बातमी कुणी उठवली ते मला विचारू नका. तिची भिंत आणि माझी भिंत एकच, म्हणून सगळे माझ्याकडेच बघतात. मी सोमवारी बसप्पाच्या हॉटेलात फक्त एवढंच म्हणालो होतो, की ट्रंक चांगली जड दिसत होती आणि गिरणीला कुलूप आहे. आळंद माझं नाही. आळंद बसप्पानं घातलं, कारण तिचा भाऊ तिथं राहतो. 'विकून' कुणी घातलं ते आता कुणालाच आठवत नाही. आमच्याकडं बातमी अशीच वर्गणी काढून तयार होते, आणि एकदा तयार झाली की मोडायला कुणी वर्गणी देत नाही.

ही बातमी पुढं कोर्टात गेली आणि तिच्यावर सरकारी शिक्का बसला. पण त्याआधी रुद्रम्मा कोण ते सांगायला हवं.

पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, शिवलिंगनं, गावात पहिली पिठाची गिरणी घातली. अर्धं भांडवल त्याचं, अर्धं त्याच्या चुलतभावाचं, ईरण्णाचं. शिवलिंग दुसऱ्या वर्षी विषमज्वरानं गेला. आता गिरणी बंद पडणार, असं गावानं ठरवून टाकलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रुद्रम्मानं पदर खोचला आणि इंजिनाचं हँडल मारलं. ते हँडल कसं असतं हे ज्यांनी मारलं त्यांनाच ठाऊक. उलटं फिरलं तर मनगट मोडतं. आमच्या गल्लीत दोन धडधाकट पुरुषांची मनगटं त्यानं मोडली आहेत, त्यातलं एक माझं. रुद्रम्माचं मोडलं नाही. छपरावरच्या नळकांड्यातून पुक् पुक् असा आवाज निघाला आणि गल्लीतल्या बायकांनी डबे उचलले.

दिवसभर त्या धडधडीत उभं राहून तिचे कान निम्मे गेले, आणि आवाज दुप्पट झाला. ती साधं बोलली तरी मोटार अड्ड्यावर ऐकू यायची. देवळात ती देवाजवळ काय मागते हे सगळ्या गावाला पाठ होतं. एकदा ती माझ्या बायकोच्या कानात गुपित सांगायला आमच्या स्वयंपाकघरात आली, आणि मी अंगणात बसून ते संपूर्ण ऐकलं. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ. गल्लीतली लेकरं तिला म्हातारी समजायची, पण तेव्हा तिची चाळिशीही आली नव्हती.

तिच्या गिरणीत एकच कायदा होता, डब्यांची रांग. पाटलाचा डबा असो की मोलकरणीचा, आला त्या जागी राहायचा. एकदा ईरण्णाच्या बायकोनं, विमलनं, अर्धी मालकीण म्हणून आपला डबा पायानं पुढं सरकवला. रुद्रम्मानं इंजिनाच्याही वरच्या आवाजात सांगितलं, "विमल, गिरणी निम्मी तुमची हाय. रांग सगळी माझी हाय."

आता ईरण्णा. किराणा दुकान, अंगात पांढरा सदरा, बोलणं लोण्यासारखं. दर अमावास्येला गिरणीतला आपला वाटा घेऊन जायचा आणि जाताना "वैनी, तब्येत सांभाळा" म्हणायचा. पण त्याच्या मनात वेगळंच होतं. मोटार अड्ड्याजवळ त्याची मोकळी जागा होती. तिथं आपल्या एकट्याची गिरणी घालावी, असा त्याचा बेत. अडचण एकच, गिऱ्हाईक सगळं रुद्रम्माच्या रांगेत. ते तिथून हलणार कसं?

रुद्रम्मा माझ्या बायकोला म्हणाली होती, "ताई, बाईमाणूस एक आठवडा दुसऱ्या गिरणीत गेलं की झालं. तिथं बोलायला मैतरणी जमत्यात, मग परत येत न्हाय. म्हून म्या तापातबी इंजिन बंद ठेवत न्हाय." ही तिची सगळी शेती आणि सगळी पेन्शन. गिरणी दोन महिने थांबली असती तर रुद्रम्माला भावाच्या दारात जाऊन भांडी घासावी लागली असती, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

ईरण्णालाही ते माहीत होतं. म्हणून ती पळाल्याची बातमी कानावर आली तेव्हा दुकानाची फळी लावून तो थेट तालुक्याला वकिलाकडं गेला. रुद्रम्मा बुधवारी परत आली, तरी हा गुरुवारी परत वकिलाकडं. त्याला आता तिच्या येण्याजाण्याशी देणंघेणं नव्हतं. बातमी कामाची होती.

वकिलानं त्याला कायद्यातली गंमत समजावली. भांडवल परत मागण्याचा दावा लावला तर तो चार वर्षं चालेल. पण समोरचा माणूस निकालाच्या आत माल विकून पसार होण्याच्या बेतात आहे, असं शपथेवर सांगितलं, तर कोर्ट निकालाआधीच माल जप्त करून ठेवतं. दावा कधी का सुटेना, माल पहिल्या दिवशी अडकतो. त्या हुकमाचं नाव 'कुर्की कब्ल-अज-फैसला'. मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, जाऊन पाच वर्षं झाली होती, पण मोगलाईतली उर्दू कचेरीच्या खुर्च्यांवर तशीच बसलेली होती. ईरण्णा हे नाव गावात 'कबूल फैसला' असं सांगत सुटला. ऐकणाऱ्याला वाटायचं, रुद्रम्मानं सगळं कबूलच केलंय.

शपथपत्रात त्यानं लिहून दिलं, की प्रतिवादी बाई इंजिन विकून आळंदला जाणार असल्याचं 'मोतबर लोकांकडून', म्हणजे भरवशाच्या माणसांकडून, समजलं. हे वाचून मला थोडा अभिमान वाटला. जन्मात मला कुणी मोतबर म्हटलं नव्हतं.

शपथपत्र वकिलानं सांगितलं, पण जप्तीच्या मालाची यादी त्याच्या म्हाताऱ्या मुनशीनं केली. मुनशी जुन्या वळणाचा. ईरण्णा म्हणाला, "गिरणी लिहा." मुनशीनं कानावर हात ठेवले. "तौबा! गिरणी हा बाजारातला शब्द. हाकिमाच्या मेजावर जाणाऱ्या कागदात गिरणी लिहू? चक्की म्हणतात तिला." आणि त्यानं बोरूनं सुरेख वळणात लिहिलं, 'चक्की आटा पीसने की, एक अदद, मय दो पाट, वाके मकान मुद्दाअलैहा.' म्हणजे पीठ दळायची चक्की, नग एक, दोन दगडी पाटांसहित, प्रतिवादी बाईच्या घरी असलेली. ईरण्णाला उर्दू वाचता येत नव्हतं. त्यानं खाली मराठीत सही ठोकली आणि समाधानानं सोलापूरला निघून गेला. कशाला गेला, ते योग्य वेळी कळेल.

तो तिकडं असतानाच बेलीफ आला. गोरोबा नाव, तेरचा राहणारा, आमच्या भागात नवा. उर्दू चौथी पास, आणि कागदावर जे असेल त्याच्या एक अक्षरही अलीकडं-पलीकडं न करणारा. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि पंच म्हणून मला आणि बसप्पाला बोलावलं. मी तर पायांत चपला घालूनच बसलो होतो.

रुद्रम्मा गिरणीच्या पत्र्याच्या छपराखालून बाहेर आली. आत पट्टा फिरत होता.

"बाई, कोर्टाचा हुकूम हाय," गोरोबा म्हणाला. "चक्की जप्त करायची हाय. चक्की कुठं हाय?"

"काय?"

"चक्कीऽऽ!"

"चक्की व्हय? घरात हाय की. या."

ती पदरानं हात पुसत पुढं झाली. घर अंगणाच्या या बाजूला, गिरणीचं छप्पर त्या बाजूला. गोरोबा उंबऱ्यात थांबला आणि छपराकडं बोट करून म्हणाला, "आन् ते काय धडधडतंय?"

"ती गिरणी."

गोरोबानं कागद वर-खाली वाचला. पालथा करून बघितला. "गिरणी न्हाय लिहिलेली," तो म्हणाला. "इंजिनबी न्हाय. चक्की हाय, मकानात हाय, पाट दोन हायत."

"मग तीच ही," रुद्रम्मा म्हणाली आणि कोपऱ्यातलं हळद-मेतकुटाचं जातं दाखवलं.

गोरोबानं वाकून वरचा पाट मोजला, खालचा पाट मोजला. दोन भरले. त्याचा चेहरा उजळला. इतका कागदाबरहुकूम माल त्याला नोकरीत पहिल्यांदाच मिळाला असावा. त्यानं खुंट्याला सुतळी गुंडाळली, काडी ओढून लाख वितळवली, आणि त्या जात्यावर हैदराबाद सरकारचा शिक्का मारला. बसप्पा मला कोपर मारत होता. मी त्याला उलट कोपर मारलं. पंचांनी साक्ष द्यायची असते, सल्ला नाही.

हे तिनं जाणूनबुजून केलं का? मी शेजारी आहे, अंतर्यामी नाही. बेलीफानं दोन प्रश्न विचारले आणि तिनं दोन्हींची खरी उत्तरं दिली, एवढं मी शपथेवर सांगेन.

जप्त माल कुणाच्या तरी सुपुर्द करावा लागतो. गोरोबानं तिच्याकडूनच सुपुर्दनामा लिहून घेतला आणि बजावलं, "बाई, हे आता कोर्टाचं. वापरायचं न्हाय."

"हळद दळली तर?"

"न्हाय."

"वाईच मेतकूट?"

"बाई, न्हाय म्हंजे न्हाय! हाकीम बोलावतील तवा जसंच्या तसं हजर करायचं."

"करती," रुद्रम्मा म्हणाली. "तुमी कितीचं पीठ नेणार जाताना? रांगेला लावा डबा."

तिनं ते सुपुर्दनाम्याचं काम मनावर घेतलं. जातं पाटावर ठेवलं, वरून टोपली घातली, शिक्क्याला उंदरानं तोंड लावू नये म्हणून मांजर पाळलं. दळणाला आलेल्या बायका मुद्दाम आत डोकावून शिक्का बघून जायच्या. गल्लीतल्या एकीच्या घरी हळदीचं दळण होतं, ती जातं मागायला आली तेव्हा रुद्रम्मा गरजली, "सरकारी हाय ते! माझं असतं तर दिलं नसतं का?" त्या आठवड्यात तिच्या गिरणीत नेहमीपेक्षा जास्त डबे होते.

ईरण्णा चार दिवसांनी परतला. मोटारीतून उतरतानाच त्याला पुक् पुक् ऐकू आलं. तो तसाच, हातातली पिशवी खाली न ठेवता, तिच्या अंगणात.

"वैनी, ही गिरणी जप्त झालीया. बंद करा."

"काय म्हणता, भावजी?"

"जप्त झालीया!"

"व्हय व्हय, झाली की. आत हाय. हात लावू नका पर, वर शिक्का हाय."

तो आत गेला. टोपली उचलली. बराच वेळ बाहेर आला नाही. मग माझ्या दारात आला आणि पंचनाम्याची नक्कल माझ्यापुढं धरून म्हणाला, "तात्या, तुम्ही मोगलाईत शिकलेले. वाचा."

मी वाचलं. त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं, मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं नव्हतं, तरी वाचलं.

"पण चक्की म्हंजे गिरणीच की!" तो ओरडला.

"असेल," मी म्हणालो. "पण त्या पंचनाम्यावर मी सही केली तेव्हा त्यातली चक्की फिरत नव्हती."

मग सुरू झाल्या खेपा. वकील म्हणाला, दुरुस्तीचा अर्ज करू. मुनशी म्हणाला, दुरुस्ती कसली, उर्दू बरोबर आहे. कचेरीनं सांगितलं, मागितलेल्या मालाची जप्ती झालेली आहे, दुसरा माल हवा तर दुसरा अर्ज. दुसरा अर्ज दिला तेव्हा मुन्सिफ, म्हणजे न्यायाधीश, रजेवर. ते आले तेव्हा त्यांनी एकतर्फी हुकूम द्यायला नकार दिला, म्हणाले, आता बाईला नोटीस काढा, तिचं म्हणणं ऐकू. श्रावण गेला, भाद्रपद गेला, नवरात्र आलं. उपवासाची भगर दळायला गिरणी धुऊन निघाली. ईरण्णा पहाटे पहिल्या मोटारीनं कोर्टात जायचा तेव्हा विमल त्याला भाकरी बांधून द्यायची, आणि त्या भाकरीचं पीठ कुठून यायचं हे मी सांगायला नको. दर अमावास्येला तो आपला वाटाही घेऊन जायचा. "तब्येत सांभाळा" मात्र म्हणायचा नाही.

तारीख दसऱ्याच्या आधी लागली. रुद्रम्मा जातं बैलगाडीत घालून घेऊन आली. कुणी मागितलं नव्हतं, पण हाकीम बोलावतील तेव्हा हजर करायचं, असं बेलीफ म्हणाला होता ना. मी गाडीत होतो. पंचानं माल सोडून कसं चालेल?

मुन्सिफ हैदराबादचे. बारीक अंगाचे, पान खाणारे, मराठी समजायचं पण बोलताना दखनी मिसळायची. रुद्रम्मानं वकील लावला नव्हता. ईरण्णाच्या वकिलानं बेलीफाच्या मूर्खपणावर पाव तास भाषण केलं. मुन्सिफांनी यादी वाचली, मग समोरच्या जात्याकडं बघितलं.

"वकीलसाब," ते म्हणाले, "आपने चक्की मांगी, बेलीफ ने चक्की पकडी. इसमें उसका क्या कुसूर?"

"हुजूर, आशय गिरणीचा होता."

"तो गिरणी लिखते. तुमचे मुवक्किल जप्तीच्या वक्ती हजर होते? त्यांनी दाखवायची होती."

"नव्हते, हुजूर. सोलापूरला गेले होते."

"कशाला?"

वकिलानं कागदात बघितलं. कागदात ते नव्हतं. ईरण्णानं छताकडं बघितलं.

"इंजिन आणायला!" रुद्रम्मा म्हणाली. ती साधंच बोलली, पण मुन्सिफांच्या हातातला पानाचा डबा खाली पडला आणि बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. "अड्ड्यावर नवी गिरणी घालायलेत भावजी. जोतं झालं, छप्पर झालं. माझी बंद पडायची वाट बघायलेत."

शिपायानं डबा उचलून दिला. मुन्सिफांनी ईरण्णाला विचारलं, खरं का. ईरण्णा लोण्यासारखं बोलायला गेला, पण त्या दिवशी लोणी जमलं नाही. "धंदा करायला बंदी हाय का, हुजूर?" तो म्हणाला.

"बंदी नाही. पण या बाईच्या गिरणीत अर्धा हिस्सा तुमचा. ती चालली तर अर्धा फायदा तुमचा. तुम्ही आपलीच गिरणी बंद पाडायला कोर्टात आलात?" मग त्यांनी शपथपत्र काढलं. "आणि हे मोतबर लोक कोण, ज्यांनी ती पळणार म्हणून सांगितलं?"

मागं वळून बघायचं ईरण्णाच्या मनात आलं असावं. मी तोवर खिडकीतून बैल बघायला लागलो होतो.

"सगळं गाव बोलत होतं, हुजूर."

"गाव बोललं त्याला दोन महिने झाले," मुन्सिफ म्हणाले. "या दोन महिन्यांत जप्त काय होतं? हे जातं. इंजिन मोकळं. बाई मोकळी. रोज मोटारी जातात. तिला पळायचं असतं तर तुमच्या मुनशीनं तिला दोन महिन्यांची मोकळी वाट करून दिली होती. ती तर रोज दळत बसली. इससे बडा सबूत मैं कहां से लाऊं?"

बेलीफाची चूक झाली नसती, जप्ती नेमकी झाली असती, तर रुद्रम्माला हे कधीच सिद्ध करता आलं नसतं. इंजिनावर शिक्का असता, आणि ती पळाली नाही ती शिक्क्यामुळंच, असं ईरण्णा म्हणाला असता. मुनशीच्या शुद्ध उर्दूनं तिला वाचवलं. पुढं दिवाळीत तिनं त्या मुनशीला पाच शेर दळलेलं बेसन पाठवलं. त्यानं 'बेसन' हा शब्द मान्य आहे असा उलट निरोप दिला.

मुन्सिफांनी हुकूम सांगितला. दावा चालेल तसा चालेल. निकालापूर्वी काहीही अडकवायचं कारण नाही. दुसरा अर्ज खर्चासहित नामंजूर. पहिली जप्ती उठली. गोरोबानं स्वतः पुढं होऊन लाख फोडली, जरा दुःखीच दिसला.

ईरण्णाची गिरणी संक्रांतीला सुरू झाली. नव्या दगडांचं पीठ भाकरीत करकरतं हे बायकांना चार दिवसांत कळलं, आणि डबे परत रांगेला लागले. दावा पाच वर्षांनी आपसात मिटला. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी लाख फोडून झाली, लिहिणाऱ्यानं दौतीला झाकण लावलं, तेव्हा मुन्सिफांनी चष्मा काढला आणि कोर्टाच्या नव्हे, साध्या आवाजात विचारलं, "बाई, एक सांग. खरंच कधी मनात आलं नाही? इंजिन विकावं, भावाकडं निघून जावं, या कटकटीतून सुटावं?"

रुद्रम्मानं कान पुढं केला. शिपायानं प्रश्न ओरडून पुन्हा सांगितला. मग ती म्हणाली,

"जाऊन काय करू, साहेब? तिथंबी माणसं भाकरीच खात्यात. म्हंजे परत गिरणी आली, गिरणीला परत निम्मा भागीदार आला, आन् मला हे एक भावजीच लई झालेत."